एकच तोंड असलेल्या गल्लीत ६४० नवी घरं: हरकत घ्यायची तर नेमकी कशाला?

उंबरठा | सोमवार, रात्री ९:४०

आमची गल्ली चारशे मीटर लांब. एका टोकाला मोठा रस्ता, दुसऱ्या टोकाला कुंपण आणि त्यापलीकडे मोकळा माळ. त्या माळावर आता ६४० सदनिकांचा गृहप्रकल्प येतो आहे. पत्रे ठोकून झालेत, फलक लागलाय, आणि नकाशात गेट दाखवलंय ते आमच्याच गल्लीच्या शेवटी. म्हणजे त्या सगळ्यांनाही बाहेर पडायला आमचाच तिठा.

तो तिठा आजही सकाळी जीव काढतो. आज सव्वाआठला मी रांगेत पाचवी होते. सगळ्यात पुढे एक दुचाकी, पुढ्यात शाळेच्या कपड्यांतली मुलगी उभी. वडील दर वेळी पाय टेकवून वीतभर पुढे सरकायचे, मोठ्या रस्त्यावरून गाडी आली की मागे रेटायचे. मुलगी पाण्याच्या बाटलीचा पट्टा दातात धरून बसली होती. पाचव्या खेपेला त्यांनी जी झेप घेतली ती बघून मी डोळे मिटून घेतले.

तीन आठवड्यांनी हरकतींची सुनावणी आहे. गल्लीतले निम्मे लोक म्हणतात, प्रकल्पच रद्द करा म्हणायचं. मला ते पटत नाही, घरं लोकांना हवीच आहेत. पण ६४० घरं म्हणजे हजारभर गाड्या, त्या जाणार कुठून? ज्यांनी हे सोसलंय किंवा ज्यांना यातलं कळतं त्यांनी सांगा, मागायचं तरी काय?

रोखठोक | सोमवार, रात्री १०:०२

रद्दच मागा. थोडं मागितलं की काहीच मिळत नाही. आम्ही शहाण्यासारखं वागलो, आज आमच्या दारात तीन इमारतींची वाहतूक आहे.

दोन चाकं | सोमवार, रात्री १०:१५

तुमच्या त्या दुचाकीवाल्या वडिलांच्या जागी मी रोज असतो. वाचतोय.

मोजपट्टी | सोमवार, रात्री ११:३०

वाहतूक मोजणी आणि अंदाज हेच माझं काम, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

उंबरठाताई, 'हजारभर गाड्या' हा आकडा सुनावणीत मांडू नका. समोरचा तो दोन मिनिटांत खोडून काढेल आणि मग तुमचं बाकीचं खरं म्हणणंही हलकं पडेल. सगळ्या गाड्या एकदम निघत नसतात. हिशोब 'फेऱ्यां'चा करतात. घरातून जाणं ही एक फेरी, परत येणं ही दुसरी. अमेरिकेतल्या नोंदींत स्वतंत्र बंगल्यामागे दिवसाला ९ ते १० वाहनफेऱ्या धरतात आणि मध्यम उंचीच्या इमारतीतल्या सदनिकेमागे साधारण त्याच्या निम्म्या. त्या नोंदींतल्या पुष्कळशा जागा शहराबाहेरच्या, मुबलक फुकट पार्किंग असलेल्या आणि बस जवळ नसलेल्या आहेत. त्यामुळे बस दारात असेल तर आकडा खाली येतो.

तरी पाच धरू. ६४० गुणिले ५ म्हणजे दिवसाला ३२०० फेऱ्या. गर्दीच्या एका तासात दिवसाच्या दहाव्या हिश्शाएवढ्या फेऱ्या होतात हा ढोबळ नियम. म्हणजे ३२०. सकाळी त्यातल्या तीन चतुर्थांश बाहेर जाणाऱ्या, म्हणजे २४०. दर पंधरा सेकंदांना एक गाडी. ऐकायला थोडी वाटते. पण खरा प्रश्न तिठा तासाला किती गाड्या बाहेर सोडू शकतो हा आहे, आणि तो तुम्ही स्वतः मोजू शकता. शाळा चालू असेल अशा साध्या दिवशी सकाळी ८ ते ९ उभ्या राहा. मोठ्या रस्त्यावर दोन्ही दिशांना मिळून किती वाहनं, गल्लीतून बाहेर किती आणि आत किती, एवढे तीनच आकडे इथे टाका. पुढचं मी करतो.

पंधरावा मजला | मंगळवार, सकाळी ७:५०

मी अशाच एका 'नव्या' प्रकल्पात राहायला आले, तीन वर्षं झाली. पहिल्या दिवशी सामानाचा टेम्पो गल्लीत शिरला तेव्हा एका ओट्यावरून जोरात ऐकू आलं, "आले बघा गाड्या घेऊन." आमच्याकडे तेव्हा गाडी नव्हती, आजही नाही. मी बसने जाते, नवरा चालत.

इथे राग काढत नाहीये. पण 'त्यांची वाहतूक' म्हणताना एवढं लक्षात असू द्या की कालपर्यंत ती माणसं कुठेतरी लांब राहून तासभर प्रवास करत होती. रोखठोक, तुमचा प्रकल्प रद्द झाला असता तरी ती माणसं गाड्यांसकट दुसऱ्या कुणाच्या तरी तिठ्यावर असतीच.

रोखठोक | मंगळवार, सकाळी ८:२०

@पंधरावा मजला, माणसांवर माझा राग नाही. राग आहे तो आधी घरं विकून मग रस्त्याचं बघू म्हणणाऱ्यांवर. आमच्याकडे 'रस्ता प्रस्तावित आहे' हे वाक्य नऊ वर्षं ऐकतोय. लोक राहायला येऊन त्यांची मुलं शाळेत जायला लागली, रस्ता अजून कागदावरच.

पंधरावा मजला | मंगळवार, सकाळी ८:३१

मग आपलं भांडण एकाच माणसाशी आहे.

रात्रपाळी | मंगळवार, दुपारी १:१०

अकरा वर्षं रुग्णवाहिका चालवली. एकच तोंड असलेल्या गल्लीबद्दल एक गोष्ट सांगतो.

रात्री अडीचचा कॉल असला तर काही वाटत नाही. रस्ता मोकळा असतो. भीती सकाळच्या आणि संध्याकाळच्या कॉलची. अशाच एका गल्लीत शिरत होतो आणि समोर बाहेर पडणाऱ्यांची रांग, दोन्ही कडेला उभ्या केलेल्या गाड्या. सायरन ऐकून सगळे बाजूला व्हायला बघत होते, प्रत्येकाची इच्छा होती, पण व्हायला जागाच नव्हती. पहिल्या गाडीला मोठ्या रस्त्यावर फट मिळाल्याशिवाय दुसरी हलू शकत नव्हती. माझा सहकारी स्ट्रेचर घेऊन उतरला आणि धावत गेला. पेशंटचा मुलगा दुसऱ्या टोकाने आईला पाठीवर घेऊन येत होता. दोघं मध्यात भेटले. आजी वाचल्या. पण ते मी आजही विसरलेलो नाही.

ताई, तुम्ही दुसरं काही मागा न मागा, आग आणि रुग्णवाहिकेसाठी दुसरी वाट मागाच. अग्निशमनाची गाडी अडीच मीटर रुंद असते, वर तिच्या शिडीला आणि माणसांना कडेला जागा लागते. नकाशात 'सहा मीटर रस्ता' लिहिलेलं असतं, पण दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या राहिल्या की प्रत्यक्षात किती उरतो ते टेप लावून मोजा आणि फोटो जोडा.

पिंपळपान | मंगळवार, दुपारी ३:४५

रस्ता रुंद करा म्हणावं. सरळ उपाय आहे. इतकं गणित कशाला?

दोन चाकं | मंगळवार, दुपारी ४:०५

काका, रुंद केलेला रस्ता पुन्हा भरतो. अर्थतज्ज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९६२ मध्येच मांडलं होतं की गर्दीच्या वेळचा महामार्ग वाढवला की नवीन वाहनं येऊन तो पुन्हा भरतो. पुढे २०११ मध्ये ड्युरँटन आणि टर्नर या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या शहरांची आकडेवारी तपासली, तर जेवढ्या टक्क्यांनी रस्त्यांची लांबी वाढली जवळजवळ तेवढ्याच टक्क्यांनी गाड्यांनी कापलेलं अंतरही वाढलेलं निघालं.

सिमेंटपाणी | मंगळवार, संध्याकाळी ६:३०

@दोन चाकं, हे प्रत्येक ठिकाणी लावू नका. आमच्याकडे ओढ्यावरची मोरी इतकी अरुंद होती की एका वेळी एकच गाडी जायची. ती रुंद केली आणि कोंडी सुटली ती सुटलीच, सात वर्षं झाली. बाकी सगळा रस्ता मोकळा आणि एकाच जागी गळा आवळलेला असेल तर तो सोडवायलाच हवा.

दोन चाकं | मंगळवार, संध्याकाळी ६:५०

मान्य. तुमच्या मोरीला मी महामार्गाचा नियम लावला असता तर चुकलंच असतं. मग उंबरठाताईंच्या इथे गळा कुठे आवळलाय? गल्लीत की तिठ्यावर?

मोजपट्टी | मंगळवार, संध्याकाळी ७:१५

अगदी हाच प्रश्न. म्हणून तर मोजा म्हणतोय. गल्ली दुप्पट रुंद केली आणि तिठा तसाच ठेवला तर एका रांगेच्या दोन रांगा उभ्या राहतील, एवढंच.

सिमेंटपाणी | मंगळवार, रात्री ८:००

मी बांधकामाच्या साइटवर सुपरवायझर आहे, त्यामुळे एक गोष्ट तुमच्या यादीत नाही ती सांगतो. तुम्ही सगळे लोक राहायला आल्यानंतरच्या वाहतुकीचं बोलताय. त्याआधीची तीन-चार वर्षं कोण मोजणार? आधी खोदाईचे डंपर, मग काँक्रीटचे मिक्सर, मग लोखंड, विटा, फरशा. स्लॅबच्या दिवशी मिक्सरची रांग लागते, कारण काँक्रीट मध्येच थांबवता येत नाही. प्लांटवरून निघालेला माल ठरावीक वेळेत ओतावाच लागतो. त्या दिवशी ड्रायव्हरला तुम्ही कितीही ओरडा, तो तरी काय करणार?

हे आधी लिहून घेता येतं. शाळेच्या वेळात अवजड वाहन गल्लीत नाही. मिक्सर थांबायचे ते साइटच्या आत, गल्लीत नाही. गेटवर चाकं धुवायचा हौद, नाहीतर डंपरच्या टायरला लागलेली माती गल्लीभर पसरते आणि पहिल्या पावसात दुचाकी घसरायला लागतात. गेटवर बाहेर पडणाऱ्या गाडीसाठी झेंडेवाला माणूस. यातलं एकही न जमण्यासारखं नाही. मागितलं नाही तर मात्र आपणहून कुणी करत नाही, हे मी आतल्या बाजूने सांगतोय.

पाटीवरची अक्षरं | बुधवार, सकाळी १०:२०

मी शिक्षिका आहे. मला त्या पट्टा चावणाऱ्या मुलीची काळजी वाटते.

डोनाल्ड ॲपलयार्ड नावाचे नगररचनाकार होते. त्यांनी १९६९ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोतल्या एकसारख्या दिसणाऱ्या तीन रस्त्यांवरच्या लोकांशी बोलून एक अभ्यास केला. एका रस्त्यावरून दिवसाला सुमारे २००० वाहनं जायची, दुसऱ्यावरून ८०००, तिसऱ्यावरून १६,०००. शांत रस्त्यावरच्या माणसाला त्याच रस्त्यावर सरासरी ३ मित्र होते आणि ६.३ ओळखीचे. वर्दळीच्या रस्त्यावर मित्र ०.९ आणि ओळखीचे ३.१. लोकांना त्यांनी 'तुमचं घर कुठून कुठपर्यंत वाटतं' ते नकाशावर काढायला सांगितलं, तर शांत रस्त्यावरच्यांनी अख्खा रस्ता आपला म्हणून काढला आणि वर्दळीच्या रस्त्यावरच्यांचं घर आपापल्या इमारतीपाशीच संपलं. हेच ॲपलयार्ड पुढे १९८२ मध्ये अथेन्समध्ये भरधाव गाडीच्या धडकेने गेले.

अहवालात गाड्या किती सेकंद थांबतील ते लिहितात. मुलं गल्लीत खेळणं बंद करतील हे कुठल्या रकान्यात लिहितात?

उंबरठा | बुधवार, दुपारी १२:०५

पाटीवरची अक्षरं, तुमची पोस्ट वाचून खिडकीत जाऊन बसले होते. आमच्या गल्लीत संध्याकाळी सहा ते सात खडूने आखलेला डाव असतो. गाडी आली की मुलं ओरडतात, सगळी बाजूला होतात, गाडी गेली की पुन्हा त्याच घरात उभी राहतात. कुणी कुठे होतं हे त्यांना बरोबर आठवतं. तासाभरात तीनदा-चारदा हे होतं. पन्नासदा झालं तर डाव मोडेल.

आज सकाळी मोजणी केली. मी आणि शेजारच्या काकू, काकू मोठा रस्ता बघत होत्या. काड्या मारून मारून दोन पानं भरली. शाळा चालू, कोरडा दिवस. ८ ते ९: मोठा रस्ता दोन्ही दिशा मिळून ९१२. गल्लीतून बाहेर १६८, आत ४७. बाहेर पडणाऱ्यांत साधारण निम्म्या दुचाकी.

मोजपट्टी | बुधवार, दुपारी २:४०

काकूंना माझा नमस्कार सांगा. फार स्वच्छ मोजणी आहे.

आता बघा. मोठ्या रस्त्यावर तासाला ९०० वाहनं म्हणजे सरासरी दर चार सेकंदांना एक. सिग्नल नसलेल्या तिठ्यावरून बाहेर वळणाऱ्याला सुरक्षित फट लागते सहा-सात सेकंदांची. वाहनं घड्याळासारखी येत नाहीत, कधी झुंडीने येतात, कधी जागा सुटते, म्हणून त्या फटी मिळतात. मोठी फट मिळाली की तिच्यातून दोघं-तिघं निघतात. नेहमीच्या सूत्रात साडेसहा सेकंदांची फट आणि मागच्याला साडेतीन सेकंद धरले तर तुमचा तिठा तासाला सुमारे ३०० वाहनं बाहेर सोडू शकतो. आज १६८ जातात. त्रास होतो पण निभतं.

उद्या १६८ अधिक २४०, म्हणजे ४०८. सोडायची ताकद ३००. तासाअखेरीस शंभरच्या वर वाहनं अडकलेली. सगळ्या मोटारी असत्या तर प्रत्येकी सहा मीटर धरून सहाशे मीटरच्या वर रांग. निम्म्या दुचाकी आहेत म्हणून ती कमी होईल, पण चारशे मीटरच्या गल्लीत नव्या गेटच्या जवळपास पोहोचेलच. रात्रपाळींनी सांगितलेला प्रसंग मग रोज सकाळचा होईल.

मोठ्या रस्त्यावरची वाहतूकही वाढत असते. ती ९०० ची १२०० झाली तर तुमच्या तिठ्याची ताकद ३०० वरून २०० वर येते. म्हणजे नवं एकही घर न बांधता तिठा तुंबण्याच्या काठावर येतो.

आणि सूत्रात न दिसणारी गोष्ट: फार वेळ थांबलेला माणूस सहा सेकंदांची वाट बघत नाही, चारमध्येच घुसतो. तुमच्या त्या वडिलांनी तेच केलं.

पिंपळपान | बुधवार, दुपारी ३:३०

गणित कशाला म्हणालो होतो ते मागे घेतो. मला वाटायचं असल्या गोष्टी फक्त ऑफिसात बसलेल्यांनाच कळतात. मग सिग्नल बसवला तर?

मोजपट्टी | बुधवार, दुपारी ४:१०

बसेल, काका, पण त्याचाही हिशोब आहे. हिरव्या दिव्यात एका मार्गिकेतून तासाला जास्तीत जास्त १९०० च्या आसपास गाड्या जातात, तेही तो सतत हिरवा राहिला तर. सिग्नलच्या दोन मिनिटांच्या चक्रात गल्लीला तीस सेकंद दिले की चौथा हिस्सा, ४७५. त्यात ४०८ बसतात, पण ८५ टक्क्यांच्या वर भरलं की एखाद्या दिवशी थोड्या जास्त गाड्या आल्या तरी रांग एकदम वाढते. वाहतूक-संशोधक वेबस्टर यांच्या १९५८ च्या सिग्नलच्या सूत्रापासून प्रत्येक सिग्नलवाल्याला हे पाठ असतं. शिवाय ते तीस सेकंद मोठ्या रस्त्याच्या वाट्यातून जाणार. तरीही मुलांना रस्ता ओलांडायला हक्काची वेळ मिळते, म्हणून मी सिग्नलच्या बाजूने आहे.

चाक आणि चाल | बुधवार, संध्याकाळी ५:००

आमच्या नातवाचा पहिला शब्द 'पीप' होता. आई आणि बाबा नंतर आले. गल्लीत हॉर्न इतके वाजतात. सहज आठवलं.

कागदपेन्सिल | बुधवार, रात्री ९:२०

वास्तुरचनाकार आहे, वसाहतींचे आराखडे करते. ताई, तुम्ही नकाशाचा फोटो दुसऱ्या धाग्यावर टाकला होता तो पाहिला. माळाच्या मागच्या बाजूने एक रस्ता जातो, हो ना? प्रकल्पाची हद्द त्याला टेकलेली आहे. मग गेट एकच का? बऱ्याचदा उत्तर 'सुरक्षा' असं देतात, म्हणजे एका गेटवर एकच चौकी पुरते. विचारा.

मात्र दोन्ही गेटं सगळ्यांना आरपार उघडी करून घेऊ नका. मग मोठ्या रस्त्यावरचे लोक तुमच्या गल्लीतून आणि त्या वसाहतीतून मधला मार्ग काढतील आणि तुमचीच गल्ली आडवाट होईल. नेदरलँड्समधल्या हाउटन गावाची रचना बघा. एका भागातून दुसऱ्या भागात मोटारीने जायचं तर बाहेरच्या वर्तुळाकार रस्त्यावरून वळसा. सायकलने आणि पायी मात्र सरळ, मधून. नेदरलँड्समधल्याच ग्रोनिंगेनने १९७७ मध्ये शहराच्या मध्यभागाचे चार भाग केले आणि मोटारीला एका भागातून थेट दुसऱ्यात जायला वाट ठेवली नाही. जर्मनीत फ्रायबुर्गमधल्या वोबान वसाहतीत बऱ्याच घरांच्या दारात गाडी उभी करायला जागा नाही, गाड्या कडेच्या पार्किंग इमारतींत राहतात. २००६ मध्ये तिथे ट्राम आली.

तुमच्या बाबतीत मी असं मागितलं असतं: अर्ध्या इमारतींच्या मोटारी मागच्या रस्त्याने, अर्ध्यांच्या गल्लीने, आतून दोन्ही जोडलेले पण मध्ये काढता येणारे खांब. खांब फक्त आग आणि रुग्णवाहिकेसाठी निघतील. चालणारे आणि सायकलवाले कायम आरपार.

रोखठोक | बुधवार, रात्री ९:५०

हे चांगलं आहे. अर्ध्याच गाड्या इकडे आल्या तर १६८ अधिक १२०, म्हणजे २८८. मोजपट्टींच्या ३०० च्या आत.

मोजपट्टी | बुधवार, रात्री १०:०५

आत, पण जेमतेम. रोखठोक, तुम्ही माझं काम करायला लागलात याचा आनंद आहे.

उंबरठा | गुरुवार, सकाळी ११:१५

इथून मी गल्लीतल्या व्हॉट्सॲप गटावर खांबांचा मुद्दा टाकला आणि रणकंदन झालं. मोटारी अर्ध्या होणार हे सगळ्यांना हवं. पण 'चालणारे कायम आरपार' म्हटल्यावर चारपाच जण तुटून पडले. अनोळखी लोक आपल्या गल्लीतून जाणार, चोऱ्या होतील वगैरे. त्यांच्या काळजीला मी खोटं म्हणत नाही. पण बसथांबा मागच्या रस्त्यावर आहे. ती वाट उघडली तर आमची मुलंही पाच मिनिटांत बसला पोहोचतील, आज वीस लागतात. काय करू?

पंधरावा मजला | गुरुवार, दुपारी १२:४०

ताई, आमच्याकडे भिंत आहे. बसथांबा भिंतीच्या पलीकडे चाळीस पावलांवर, आणि मी दीड किलोमीटर वळसा घालून जाते. शेजारच्या कुटुंबाने याच एका कारणाने दुचाकी घेतली. एक बाई आणि तिची मुलगी, रोज चार फेऱ्या, सगळ्या त्या तिठ्यावरून. तुमच्या गटावर हे सांगा. वाट बंद केली तर प्रत्येक चालणारा माणूस एक गाडी होऊन तुमच्या दारावरून जाईल.

पाटीवरची अक्षरं | गुरुवार, दुपारी १:१५

आणि जी वाट दिवसभर वापरात असते ती आपोआप राखली जाते. दिवा लावून घ्या, कडेच्या भिंती उंच ठेवू देऊ नका, म्हणजे खिडकीतून दिसेल. आमच्या शाळेमागची बोळ अशीच निर्धोक झाली.

नवागत_३ | गुरुवार, दुपारी २:००

बिल्डरने वाहतुकीचा अहवाल दिला असेल ना? त्यात काय लिहिलंय?

उंबरठा | गुरुवार, रात्री ९:३०

नवागत, तुमचे खूप खूप आभार. आम्ही अहवाल मागितलाच नव्हता! आज जाऊन प्रत घेतली. सत्तेचाळीस पानं. मोठ्या रस्त्यावर आमच्या मोजणीपेक्षा बऱ्याच कमी गाड्या, गल्लीतून बाहेर फक्त ९४. तिठ्याला 'बी' दर्जा दिलाय. मला काही सुचेना. मग तारीख पाहिली. कॅलेंडर काढून बघितलं तर शाळांची सुट्टी होती. पान २२, खाली बारीक अक्षरात.

मोजपट्टी | गुरुवार, रात्री १०:१०

ताई, हे पान सुनावणीत सगळ्यात वर ठेवा. आणखी एक बघा: आसपास मंजूर झालेले पण अजून न बांधलेले प्रकल्प धरले आहेत का? पुष्कळदा प्रत्येक प्रकल्प फक्त स्वतःपुरता मोजतो आणि प्रत्येकाचा अहवाल उत्तीर्ण होतो.

'बी' दर्जाबद्दल: 'ए' (सगळ्यात चांगला) ते 'एफ' (सगळ्यात वाईट) ही पद्धत १९६५ च्या अमेरिकी महामार्ग-क्षमता पुस्तिकेतून आली. ती वाहन किती सुरळीत चालतं एवढंच सांगते. चालणाऱ्या मुलाला काय होतं ते त्या अक्षरात नाही. कॅलिफोर्नियाने २०१३ च्या कायद्याने ठरवलं आणि १ जुलै २०२० पासून पर्यावरण तपासणीत असा खोळंबा हा निकष काढून लोक एकूण किती वाहन-अंतर कापतील हे बघायला सुरुवात केली. कारण नुसता खोळंबा बघितला की शहरातलं घर नापास होतं आणि दूर माळावरचं पास, जिथून प्रत्येकाला गाडीच काढावी लागते. पंधरावा मजला म्हणत होत्या तेच हे.

रोखठोक | रविवार, सायंकाळी ६:००

उंबरठाताई, यादी अशी करा: शाळेच्या दिवशी फेरमोजणी, मागचं गेट, खांब, पायवाट, बांधकामाच्या वेळा. आणि एक माझ्यातर्फे: तिठ्याचं काम पूर्ण होईपर्यंत अर्ध्यापेक्षा जास्त घरांचा ताबा द्यायचा नाही. हे लिखित घ्या. नऊ वर्षांचा अनुभव आहे. आणि हो, रद्द मागा म्हणालो होतो, ते आता म्हणत नाही.

उंबरठा | सतरा दिवसांनी, रात्री ८:४५

सुनावणी झाली. गल्लीतले अकरा जण गेलो होतो. शेजारच्या काकूंनी काड्यांची दोन पानं जशीच्या तशी टेबलावर ठेवली. अधिकाऱ्यांनी ती बराच वेळ बघितली, एका ठिकाणी पाच काड्यांवरची आडवी रेघ राहून गेली होती ती बोटाने मोजली. मग विचारलं, "हे तुम्ही स्वतः केलंत?" काकू म्हणाल्या, "हो, आणि सुट्टीच्या दिवशी नाही केलं."

फेरमोजणीचा आदेश झाला. या वेळी आमच्यातले दोघं सोबत उभे राहणार. पायवाट आणि सायकलची वाट मंजूर, दिव्यासकट. अवजड वाहनांना सकाळी ७ ते ९:३० आणि दुपारी शाळा सुटायच्या वेळेला बंदी, चाकं धुवायचा हौद, मिक्सर आत, सगळं लिहून मिळालं. सिमेंटपाणी, ही मागणी मांडली तेव्हा बिल्डरचा माणूस स्वतःच म्हणाला, हे जमेल. मागचं गेट आणि ताब्याची अट फेरमोजणीनंतर. त्यावर अजून काहीच हातात नाही, आणि खरं तर तेच सगळ्यात मोठं आहे. गटावरचे दोघं पायवाटेवर अजून नाराज आहेत.

रात्रपाळी | सतरा दिवसांनी, रात्री ९:२०

काढते खांब बसले की त्यांची किल्ली कुणाकडे राहणार ते आत्ताच ठरवा. चौकीदाराकडे एक आणि अग्निशमन केंद्रात एक. रात्री किल्ली शोधत बसलेला माणूस मी पाहिलाय.

उंबरठा | सतरा दिवसांनी, रात्री ९:३५

लिहून घेतलं. फेरमोजणी पुढच्या मंगळवारी, सकाळी सात ते अकरा. काकूंचा गुडघा दुखतोय, चार तास उभं राहणं त्यांना झेपणार नाही. मोजपट्टी, एका माणसाने मोठ्या रस्त्याच्या दोन्ही दिशा मोजल्या तर चुकतं का?

मोजपट्टी | सतरा दिवसांनी, रात्री ९:५०

गर्दीत चुकतं. दिशेला एक माणूस ठेवा आणि दर पंधरा मिनिटांनी नवीन ओळ सुरू करा. काकूंना खुर्ची द्या, गल्लीतून बाहेर येणाऱ्या त्या बसून मोजू शकतात.

दोन चाकं | सतरा दिवसांनी, रात्री १०:०५

पत्ता खासगी संदेशाने पाठवा. मंगळवारी माझी सुट्टी आहे, एक दिशा मी घेतो.